माळ घातल्यानंतरची तिसरी रात्र

आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे शपथ घ्यायची. कुणी आईच्या डोक्यावर हात ठेवतो, कुणी बेल-भंडारा उचलतो, कुणी पंढरपूरहून माळ घालून येतो. माळकऱ्याने दारूला शिवायचं नाही हा दंडक गावही पाळायला लावतं. त्याच्या आधाराने कित्येकांची दारू खरोखर सुटली आहे. पण सकाळी उठल्यापासून पिणारा माणूस असा एकाएकी थांबला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, कप बशीत खडखडतो, अंग घामाने निथळतं. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, चादरीवरून नसलेलं काहीतरी तो वेचत बसतो. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. शेजारी म्हणतात, बाहेरचं लागलंय. या अवस्थेत माणूस दगावू शकतो.

व्यसन हा आजार आहे, हे समजून घ्यायचं तर या तिसऱ्या रात्रीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. कारण ही कल्पना इथेच दीडशे वर्षं अडून बसली होती.

ब्रिटिश आरमारात डॉक्टर असलेल्या थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली दारूबाजीला आजार म्हणणारा ग्रंथ लिहिला. १८१३ मध्ये थॉमस सटन यांनी या थरथरीला आणि भ्रमाला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिलं. पण हे सारं दारूमुळे होतं, दारू तुटल्यामुळे, की पिणारा नीट जेवत नाही म्हणून, यावर डॉक्टरांचं एकमत होईना. आपल्याकडे १९१९ साली ‘एकच प्याला’ हे नाटक रंगमंचावर आलं. त्यातला सुधाकर दारू सोडतो आणि पुन्हा तिच्याकडेच वळतो, हे पाहून प्रेक्षक हळहळले. पण त्या वेळी त्याला वाचवायला खात्रीचं औषध कुणाकडेच नव्हतं. मनोनिग्रह किंवा मरण, एवढ्याच दोन वाटा माहीत होत्या.

डॉक्टरांच्या त्या वादाला उत्तर मिळालं १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला. हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी काही कैद्यांना आठवडेच्या आठवडे दारू पाजली, सकस जेवण आणि जीवनसत्त्वंही दिली, आणि मग दारू एकदम बंद केली. चांगलं खाऊनपिऊन असलेल्या त्या माणसांनाही झटके आले, भ्रम झाले. म्हणजे कारण उपासमार नव्हतं, दारू तुटणं हे होतं. कैद्यांवर असा प्रयोग करणं आज कुणालाही मान्य होणार नाही, मलाही होत नाही. पण त्यातून कळलेल्या गोष्टीने पुढे असंख्य जीव वाचले.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. रोजच्या पिण्यात मेंदू उलट बाजूने जोर लावून तोल सांभाळायला शिकतो. दारू अचानक गेली की हा उलटा जोर तेवढा उरतो: घट्ट बसलेलं दार आतून रेटताना कुणीतरी बाहेरून कडी काढावी, तसं. इथे इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. दृढनिश्चयी माणसालाही झटका येतो.

१९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव केला, की अशा रुग्णांना इतर रुग्णांप्रमाणेच इस्पितळात दाखल करून घ्यावं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या.

आजार म्हटलं की पिणाऱ्याला सबब मिळते, हा आक्षेप मी मारझोड सोसलेल्या बायकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मधुमेह जडला हा दोष नसला, तरी गोळ्या घेणं ज्याचं त्यालाच करावं लागतं. बायकोवर हात उगारण्याची जबाबदारी तर आजाराच्या माथी मारताच येत नाही.

तेव्हा माळ जरूर घालावी, पण रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, यापूर्वी सोडताना झटके आले होते का, हे घरच्यांनी न लपवता सांगावं. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नये. अशा रुग्णाच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व बहुधा कमी असतं, ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.