मदतीचा हात, बदकाचा पाय

दुसऱ्याला मदत करावी की करू नये, या प्रश्नावर फार थोर लोकांनी विचार केलेला आहे. माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या कारकुनाच्या वाट्याला तो एका बदकाच्या अंड्यातून आला, आणि तोही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. दुसऱ्या शनिवारी आमची बँक बंद असते. कामाच्या दिवशी आला असता, तर मी त्याला 'उद्या या' म्हणून वाटेला लावले असते.

आम्ही राहतो लोणी काळभोरला. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव आता धड गाव राहिलेले नाही आणि धड शहरही झालेले नाही. रस्त्याला पेट्रोलचे टँकर, आणि दोन शेतं आत गेलं की मुठेच्या उजव्या कालव्यावर पोसलेला ऊस. राज कपूरचा मळा होता तो याच गावात. तिथे आता विद्यापीठ आहे. तेव्हा इथे काहीही होऊ शकतं, हे मला माहीत होतं. पण आमच्या सातवीतल्या चिरंजीवांच्या जेवणाच्या डब्यातून एक दिवस बदकाची चार अंडी निघतील, ही कल्पना नव्हती. मित्राच्या मळ्यातून आणली होती. बदल्यात काय दिलं, ते अजून कळलेलं नाही. माझं एक पेन मात्र सापडत नाही.

शेजारच्या मळ्यातल्या आजींची कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. खुडूक कोंबडी म्हणजे संपावर बसलेला कर्मचारी. काम बंद, पण जागा सोडायची नाही आणि जवळ येईल त्याला चोच. आजींनी ती चार अंडी तिच्याखाली सरकवली. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस. त्या माउलीने वरचे सात दिवस ओव्हरटाइम केला. बिनपगारी, आणि युनियनकडे न जाता.

अठ्ठाविसाव्या दिवशी, शुक्रवारी, तीन पिल्लं बाहेर आली. चौथ्या अंड्याला नुसतं एक भोक पडलं आणि आतून 'टीं टीं' असा बारीक आवाज येत राहिला. तीन पिल्लं चालायला लागली तशी कोंबडी त्यांना घेऊन उठली. चौथ्याची ऊब गेली. आजी म्हणाल्या, "जगायचं आसंल तर जगंल, न्हाई तर न्हाई." आजींनी सहा मुलं वाढवली आहेत, त्यांना तसं म्हणण्याचा अधिकार आहे. चिरंजीवांना तो मान्य नव्हता. शर्टाच्या खिशात ठेवून ते अंडं घरी आलं.

घरात सगळे दिवे एलईडीचे. त्यांचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. माळ्यावरच्या डब्यात एक जुना साठ वॉटचा बल्ब निघाला. काहीही टाकून न देण्याच्या माझ्या स्वभावाची घरात झालेली ती पहिली कदर. बुटाच्या खोक्यात अंडं, वर बल्ब, शेजारी वाटीत पाणी, असा संसार स्वयंपाकघरात मांडला.

शनिवारी सकाळी पाहिलं तर भोक तेवढंच. आवाज मात्र कमी झालेला.

"अहो, बघत काय बसलाय? सोला ना ते!" ही म्हणाली. हिच्या हाताखालून आजवर कित्येक क्विंटल मटार सोलून गेला असेल, त्यामुळे तिला त्यात अवघड काही वाटेना. मलाही वाटलं नाही. मी चिमट्याने कवचाचा एक टवका काढला. दुसरा काढला. तिसऱ्याबरोबर आतल्या पांढऱ्या पडद्यावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला, मोहरीएवढा.

चिमटा खाली ठेवताना माझा हात कापत होता. आम्ही सगळेच गप्प. ज्याला वाचवायला निघालो, त्याचंच रक्त काढलं होतं.

मग हिला आपल्या एका काकांची आठवण झाली. खडकीला सरकारचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे त्यांची नोकरी झाली. आता निवृत्त आहेत. त्यांना फोन लावला.

"कुणी सांगितलं तुला उघडायला?" काका म्हणाले. त्यांचा आवाज थेट आमच्या शाखा तपासणीला येणाऱ्या साहेबांसारखा आहे. "अरे, बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. कवचाच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातलं रक्तसुद्धा अंगात परत घेतं. ते झाल्याशिवाय दार उघडलंस, तर ते रिकाम्या हाताने बाहेर येणार."

हे मात्र मला लगेच समजलं. खातं बंद करण्याआधी माणूस सगळी शिल्लक काढून घेतो, तसं. त्या बलकाच्या शिल्लकीवर पिल्लाचे पहिले दोन दिवस खाण्यापिण्यावाचून निभतात, आणि म्हणूनच एक दिवसाची कोंबडीची पिल्लं खोक्यांत भरून लांब-लांबच्या गावी पाठवता येतात.

"पण काका, ते अडलंय."

"अडलंय कशावरून? भोक पाडल्यापासून बाहेर पडायला बदकाला एक दिवस लागतो, कधी दोन लागतात. मधे ते नुसतं पडून असतं. तुला ते अडलेलं दिसतं, ते आपलं दम खात असतं."

"मग खरंच अडलं हे ओळखायचं कसं?"

"पडदा पांढरा आणि ओला आहे तोवर हात लावायचा नाही. पिवळट पडला, कागदासारखा वाळून अंगाला आवळला, की अडलं. मग एक-एक कपचा काढायचा. रक्त दिसलं की थांबायचं. कोमट पाण्याचा बोळा फिरवायचा. पुन्हा बसायचं."

"म्हणजे रात्रभर?"

"हॅचरीत नसतं बाबा कुणी बसत. तिथे हजारोंचा हिशोब. ठरल्या वेळी ट्रे बाहेर. फुटलं ते फुटलं. तुझ्याकडे एकच आहे. तू बस."

मी बसलो.

पुण्यापासून रेल्वेने निघालं की आमच्या लोणीच्या पुढचं स्टेशन उरुळी. तिथे, उरुळी कांचनला, 1946 सालच्या मार्चमध्ये गांधीजी आले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. औषध नको, पाणी-माती-ऊन घ्या, शरीर आपलं काम आपण करील, अशी शिकवण. तो आश्रम त्यांनी ज्यांच्यावर सोपवला, त्या मणिभाई देसाईंनी त्याच गावात 1967 साली 'बायफ' ही संस्था काढली आणि कृत्रिम रेतनाने संकरित गाई खेड्यापाड्यांत नेल्या. एकाच गावात, एकाच माणसाच्या हातून, निसर्गावर सोपवा हेही झालं आणि निसर्गाला हात द्या हेही. मणिभाईंना यात विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. त्यांना रोगी दिसत होता आणि गाय दिसत होती. मला नुसतं भोक दिसत होतं.

रात्री एकच्या सुमाराला एका मित्राने मोबाइलवर गोष्ट पाठवली. हे गृहस्थ रात्री एकला जागे असतात आणि जगाने सुधारावं असं त्यांना वाटतं. गोष्ट तुम्हालाही आलेली असणार. एक फुलपाखरू कोशातून बाहेर यायला धडपडत असतं. एका दयाळू माणसाला राहवत नाही, तो कात्रीने कोश कापतो. फुलपाखरू बाहेर येतं, पण पंख दुबळे राहतात आणि ते जन्मभर सरपटतं. म्हणून म्हणे, कुणालाही फुकट मदत करू नये, धडपडीनेच बळ येतं.

ही गोष्ट मी बँकेच्या प्रशिक्षण वर्गात तीनदा ऐकली आहे. तिन्ही वेळा सांगणारे साहेब पंख्याखाली होते आणि त्यांचा चहा शिपायाने आणून दिला होता. गोष्टीला माझी हरकत नाही. त्या थेंबानंतर तर मुळीच नाही. पण ती मला आजवर एकाही फुलपाखराने सांगितलेली नाही.

असल्याच एका वर्गाहून मी ताजा-ताजा परत आलो होतो, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी दुसऱ्या गावच्या शाखेत होतो. एक म्हातारे बाबा पैसे काढायची स्लिप घेऊन आले. "साहेब, येवढी भरून द्या." त्यांना सही येत होती. सही येते त्याला बाकीचंही येईल, असा माझा हिशोब. मी म्हणालो, "बाबा, किती दिवस दुसऱ्याकडून लिहून घेणार? शिका आता." अगदी गोड आवाजात म्हणालो. बाबांनाही ते पटलं. मान हलवून ते दोरी बांधलेल्या पेनापाशी गेले.

दुपारी जेवून आलो तेव्हा ते तिथेच उभे होते. मी दुरूनच त्यांना हसून मान डोलावली. म्हणजे शाबास, चालू द्या. संध्याकाळी खिडकी बंद करताना पाहिलं तर फळीवर चार स्लिपा पडलेल्या. चारींवर तारीख बरोबर. रक्कम अक्षरी लिहायच्या ओळीत चारींवर 'दोन' एवढंच लिहिलेलं, पुढे पेन अडलेलं. हजारातला 'ह' आला नसेल की 'जा', कुणास ठाऊक.

आठवड्याने शिपायाकडून कळलं. त्यांची बायको पुण्याला दवाखान्यात होती, त्यासाठी पैसे हवे होते. मग ते बाजारात कुणाकडून व्याजाने घेतले. बायको बरी होऊन घरी आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला ते अधूनमधून स्वतःलाच सांगावं लागतं. व्याज किती पडलं, हे विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून मी मागेल त्याची स्लिप भरतो. त्याचंही सांगतो. आमच्या शाखेत एक बाई येतात. मुलाच्या शाळेचे सगळे अर्ज स्वतः भरतात, अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. पण बँकेची स्लिप माझ्याच हातची लागते. मी रजेवर असलो की पैसे न काढताच परत जातात. म्हणजे एकाच्या बाबतीत मी कात्री लावायची ती लावली नाही, आणि एकीच्या बाबतीत लावायची नव्हती ती लावली. ताळेबंद जुळतो, पण तेवढ्यावरून हिशोब बरोबर म्हणता येत नाही, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. बाबांना त्या दिवशी काय हवं होतं? उपदेश नको होता आणि कदाचित सगळी स्लिपही नको होती. एक 'हजार' हवा होता. पण तेवढं कळायला मला खुर्चीवरून उठून त्या फळीपर्यंत जावं लागलं असतं.

पहाटे चारला पडदा पिवळा दिसू लागला. आधी वाटलं बल्बचा उजेड असेल, म्हणून मोबाइलच्या दिव्यात पाहिलं. पिवळाच. मुलाला उठवलं. तो बोळा भिजवून देई, मी कपचा काढी. एक कपचा, दहा मिनिटं थांबायचं. पुन्हा एक कपचा. या वेळी रक्त आलं नाही. साडेसहाला आतल्या जीवाने एक हिसका दिला आणि अर्धं कवच टोपीसारखं डोक्यावर घेऊन ते खोक्यात पडलं. भिजलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखं. चोचीच्या टोकावरचा तो टणक दाणा अजून होता, ज्याने त्याने भोक पाडलेलं. हिने चहा टाकला. कुणी काही बोललं नाही, पण चहात आलं होतं. एरवी ते पाहुण्यांनाच मिळतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दुपारी पिल्लू उभं राहायला गेलं आणि त्याचे पाय दोन दिशांना फाकले. खोक्यात मी अर्थविषयक वर्तमानपत्र अंथरलं होतं. काका फोनवर म्हणाले, "काढ ते आधी. त्यावर कुणाचेच पाय ठरत नाहीत." गोणपाट घातलं, दोन्ही पायांना कापडी पट्टीची सैल बेडी बांधली. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय जातात, म्हणून त्याचीही सोय केली.

"नाहीच सुधारला पाय तर?" मी विचारलं.

काका जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेही तुलाच बघावं लागेल."

1928 साली साबरमतीच्या आश्रमात वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देववून मरण दिलं, आणि त्यावर देशभर गदारोळ उठला. लेखांतून वाचताना मी त्यात नेहमी गांधीजींच्या बाजूने असे. बुटाच्या खोक्यात वाकून पाहताना मला कुठलीच बाजू आठवेना. डावा पाय जरा सावरत होता. उजवा नाही.

संध्याकाळी ते कोंबडीकडे नेऊन ठेवलं. तिने एकदा पाहिलं आणि टोच मारली. तिच्या वहीत तीनच नोंदी होत्या. उलट या पिल्लाने डोळे उघडल्यावर पहिला मोठा हलता प्राणी पाहिला तो मी. कोनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांच्या मागे बदकांची पिल्लं आई समजून अशीच फिरत. त्यांच्यासाठी ते गवतात उकिडवे चालून 'क्वॅक क्वॅक' करीत. 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मी रविवारी रात्री स्वयंपाकघरात तेच केलं, तेव्हा ही दार लावून घ्यायला धावली. खालच्या मजल्यावर पाहुणे आले होते म्हणे.

सोमवारी निघायला पायात चपला घातल्या, तर ते उजवा पाय ओढत उंबऱ्यापर्यंत आलं आणि ओरडू लागलं. मी चपला काढल्या.

रजेचा अर्ज आमच्याकडे आता संगणकावर भरतात. मोबाइलवरही उघडतो. कारण विचारलं होतं, तिथे 'घरी आजारी व्यक्ती' असं निवडलं. त्याखाली 'व्यक्तीशी नाते', आणि त्यापुढे लाल चांदणी. म्हणजे भरल्यावाचून पुढे जाता येत नाही. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. शेवटी 'अन्य'. मी 'अन्य' दाबलं. तर तपशील लिहा म्हणून एक रिकामी चौकट उघडली.

तिच्यात बोट ठेवून मी पंधरा मिनिटं बसलो होतो. शेवटी चिरंजीव म्हणाले, "द्या बाबा, मी भरतो."