पान 47

बसा, चौघंही बसा. रिपोर्टाला जाड पुठ्ठा आहे, वर सोनेरी अक्षरं आहेत, आत आईवडिलांचे आभारही मानलेत. आता पान 47 उघडा आणि मोठ्यानं वाचा. वाचवत नाही? मग मीच वाचतो : ‘अर्धघन अवस्थेतील ए-356 या ॲल्युमिनियम मिश्रधातूची व्हिस्कॉसिटी स्थिर धरली आहे.’

काहून रे? ढवळला की पातळ होतो, थांबलं की घट्ट होतो, एवढ्याच गुणासाठी जग या लगद्याच्या मागे लागलं. तोच गुण काढून टाकल्यावर तुमचा प्रोजेक्ट कशावर उरला? कॉम्प्युटरच्या लाल-निळ्या चित्रांवर?

तुम्ही दोघं रोज अकोल्याहून अप-डाऊन करता. तुम्ही येता त्याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तासांत सलग टाकली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्या डांबराची ग्रेड कशी ठरते, कधी विचारलंत? व्हीजी-30 म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड : 60 अंशांना किमान 2400 पॉइज. रस्त्यावर ओतायच्या डांबराचा आकडासुद्धा तापमानासकट द्यावा लागतो आणि तुम्ही इंजिनिअर होणारी पोरं धातूचा आकडा नुसताच ठोकून देता!

पुढचं पान. 614 अंशांना धातू गोठायला लागतो, 577 ला पुरता गोठतो. मध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढलीत. त्या रेघेनं 590 अंशांना 65 टक्के धातू घन ठरतो. कुठल्या तापमानाला किती धातू घन झाला ते सांगणारं शाइलचं समीकरण तिसऱ्या वर्षी मीच शिकवलंय. 7 टक्के सिलिकॉन धरून सोडवा, 38 टक्क्यांच्या आसपास येईल. 577 ला पोचेपर्यंत जेमतेम निम्मा धातू घन झालेला असतो. उरलेला रस त्याच एका तापमानाला गोठतो. 38 टक्क्यांचा लगदा आणि 65 टक्क्यांचा गोळा एकाच डायमध्ये सारखे वाहतील? घरी आईला विचारा, पातळ बेसन आणि वड्यांचं बेसन एका पळीनं ओतता येतं का.

आता ज्यामुळे मला रात्री झोप लागली नाही, ते. स्पायरल मोल्डमध्ये तुम्ही नऊ नमुने ओतलेत, रिपोर्टात मात्र सहाच आहेत. कच्ची वही मी मागवून घेतली. गाळलेले तिन्ही नमुने ओतण्याआधी ग्राफाइटच्या सळईनं ढवळलेले होते आणि तिन्ही बाकीच्यांपेक्षा लांबवर वाहिले. कॉम्प्युटरच्या चित्राशी जुळेनात, म्हणून खोडलेत!

1971 मध्ये एमआयटीत डेव्हिड स्पेन्सर नावाचा विद्यार्थी, प्राध्यापक फ्लेमिंग्ज यांच्या हाताखाली, ओतकाम गोठताना का तडकतं ते शोधत होता. 15 टक्के शिसं घातलेलं कथील त्यानं गोठता गोठताच ढवळत ठेवलं. 40 टक्के घन झाल्यावरही ते वाहत राहिलं; न ढवळलेल्या धातूच्या मानानं त्याचा विरोध हजारेक पटींनी कमी भरला. पाक न हलवता ठेवला तर खडीसाखरेचे खडे धरतात, घोटत राहिलं तर रवाळ होतो. तसंच इथं : न ढवळलेल्या धातूत फांद्याफांद्यांचे स्फटिक एकमेकांत अडकतात, ढवळलेल्यात गोल कण होऊन घरंगळतात. स्पेन्सरनं न पटणारा आकडा ठेवला आणि त्यातून ओतकामाची एक नवी शाखा निघाली. तुमच्या वहीत तोच आकडा तीनदा आला होता, पोट्टेहो, आणि तीनदा तुम्ही खोडरबर काढलंत.

आता मधला तो हुशार म्हणेल, ‘सर, पॉवर लॉ घालतो.’ घाल. पण ढवळण्याच्या वेगावरून व्हिस्कॉसिटी काढणारा हा पॉवर लॉ सावकाश, एकसारख्या ढवळण्याला चालतो. डाय सेकंदाच्या आत भरतो. तेवढ्यात कणांचे जुडगे पुरते सुटतही नाहीत. ते किती सुटले हे सांगणारी, शून्य ते एकमधली राशी वेळेसोबत सोडवावी लागते. त्यासाठी आधी हे जुडगे डोळ्यांनी पाहिलेले असावे लागतात.

रिपोर्ट परत न्या. सोमवारी पुठ्ठा नको, चित्रं नकोत. टाकून दिलेले ते तीन नमुने भंगारातून शोधा, कापा, पॉलिश करा, एचिंग करून मायक्रोस्कोपखाली धरा. फांद्या दिसतात की गोटे, ते पेन्सिलीनं वहीत काढा. मग पान 47 स्वतःच्या हातानं फाडा. ते मी फाडणार नाही.