शेवाळाला जात असते

सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण मित्र आपला वाद घेऊन बुद्धांकडे येतात. माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की आचरणाने? भारद्वाजाच्या मते आईकडून आणि बापाकडून सात पिढ्या शुद्ध असल्या की पुरे. वासेट्ठाला ते पटत नाही. बुद्ध उत्तराला सुरुवात करतात ती गवतापासून. गवत, झाडे, किडे-मुंग्या, चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी, या सगळ्यांना जन्मानेच मिळालेल्या वेगवेगळ्या खुणा आहेत, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. मग ते माणसाकडे वळतात, केस, कान, डोळे, ओठ, हात, पाय असा एकेक अवयव घेतात आणि इथे तशी खूण नाही असे दाखवतात. माणसांमधला भेद हा केवळ व्यवहारातला संकेत. या युक्तिवादाचे बळ त्याच्या पहिल्या भागात आहे. निसर्गात जाती खरोखर असतात हे आधी मान्य केले, म्हणूनच माणसांत त्या नाहीत या म्हणण्याला वजन येते. सगळ्याच जाती मनाचे खेळ आहेत असे म्हणून मोकळे होणे त्या मानाने सोपे, पण ते खरे नाही. जीवशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘जाती’ हा शब्द याच अर्थाने आहे. वर्तमानपत्रे तो टाळून ‘प्रजाती’ लिहितात. इथे मात्र तो टाळून चालणार नाही.

प्रश्न आहे तो खुणेचा. खूण म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप असेल, तर उष्ण समुद्रातली शेवाळे हा युक्तिवाद कोलमडवतील असे वाटते. कॉलर्पा रेसिमोसा हे हिरवे शेवाळ घ्या. खडकावर सरपटणारा दोरीसारखा देठ आणि त्यावर उभे राहिलेले बारीक द्राक्षांचे घोस असे त्याचे रूप. सगळे मिळून एकच पेशी, पण तिच्यात केंद्रके असंख्य. डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेतला पेटर फोर्सकाल १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. त्याने या शेवाळाचे केलेले वर्णन कार्स्टेन नीबूर या सोबत्याने १७७५ मध्ये छापले. पुढे द्राक्षांऐवजी छोट्या तबकड्या असलेले रूप सापडले, त्याला वेगळे नाव मिळाले. १९८७ मध्ये ओबा आणि एनोमोटो या जपानी संशोधकांनी या गटातले शेवाळ प्रयोगशाळेत वाढवले आणि प्रकाश व तापमान बदलून पाहिले, तर त्याच शेवाळाला मणीही आले आणि तबकड्याही. ज्या रूपावर नाव बेतले होते ते रूप उजेडाप्रमाणे बदलत होते. न्यायदर्शनाचे उदयनाचार्य यांनी जातीला बाधक ठरणाऱ्या गोष्टींत ‘संकर’ सांगितला आहे: दोन गुणधर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात आणि काही ठिकाणी एकमेकांवाचूनही आढळतात, तेव्हा त्यांना जाती म्हणता येत नाही. तबकडीचे नेमके हेच झाले. ती उपाधी, म्हणजे वरून आलेली खूण होती, जात नव्हे.

दुसऱ्या टोकाला आहे पोर्टिएरिया. हे लाल शेवाळ गोळा करणारा माणूस ताटलीभर समुद्राच्या पाण्यात जाड कागद बुडवतो, त्यावर शेवाळ तरंगत ठेवतो, ब्रशने फांद्या मोकळ्या करतो आणि कागद अलगद वर उचलतो. पाणी निथळते. चपट्या, नाजूक फांद्या कागदाला चिकटतात आणि नेच्याच्या कोवळ्या पानासारखी आत वळलेली टोके स्पष्ट दिसतात. चिमूटभर तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवला जातो. फिलिपिन्सच्या बेटांवरून गोळा केलेले असे सगळे कागद एकाच नावाखाली जात होते: पोर्टिएरिया हॉर्नेमानी. २०१३ मध्ये या तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एका नावाखाली २१ जाती निघाल्या. बहुतेक जाती एखाद्या लहानशा टापूपुरत्याच, तर काही ठिकाणी दोन-तीन जाती शेजारी शेजारी वाढणाऱ्या. डोळ्यांनी त्या वेगळ्या करता येत नव्हत्या.

म्हणजे रूप बदलते आणि जात तीच राहते, किंवा रूप तेच राहते आणि जाती एकवीस. मग खूण कुठे आहे? वंशप्रवाहात. पोर्टिएरियाच्या अभ्यासात पेशीतल्या तीन वेगळ्या ठिकाणचा डीएनए तपासला: केंद्रकातला, मायटोकॉन्ड्रियातला आणि हरितलवकातला. केवळ योगायोग असता तर तीन साक्षीदारांनी तीन गोष्टी सांगितल्या असत्या. एकाच खडकावर, एकाच पाण्यात बीजाणू सोडणारे दोन गट पिढ्यान्पिढ्या मिसळलेले नसतील, तेव्हाच तिघांची साक्ष जुळते.

इथे सगळ्यात बळकट आक्षेप उभा राहतो, आणि तो जुना आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी ब्राह्मणत्वाचा पक्ष असाच मांडला होता: ते नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, पण आईबाप कोण हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते कळते. रूप सोडून वंशावर आलो, म्हणजे आपण भारद्वाजाच्याच बाजूला जाऊन बसलो की काय? माझ्या मते नाही, आणि फरक परीक्षेच्या रीतीत आहे. शेवाळाच्या तुकड्यावरची चिठ्ठी काढून टाका, बेटांची नावे पुसा, सगळे तुकडे मिसळा. तरी तेच गट पुन्हा हाती येतील. कुणाला विचारावे लागत नाही. कुमारिलांच्या माणसाला मात्र आधी सांगावे लागते, मग दिसते. सांगितले नाही तर दिसतच नाही. जे ज्ञान सांगण्यावर सर्वस्वी अवलंबून असते त्यालाच बुद्ध संकेत म्हणतात.

आजचा आक्षेपक आणखी पुढे जाईल. भारतातल्या जातिसमूहांच्या डीएनएतही वेगळेपणाच्या खुणा सापडतातच की. सापडतात, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच अभ्यासांनी, विशेषतः २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने, असेही दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे जवळजवळ सगळ्यांची सरमिसळ होत होती आणि नंतर ती आटत गेली. समुद्राने काही केले नाही, डोंगरही आडवा आला नाही. माणसांनी लग्ने बंद केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात गाभा सांगितला होता तो हाच: जात म्हणजे गटाबाहेर लग्नाला बंदी. आता पोर्टिएरियाकडे पाहा. शेजारी वाढणाऱ्या त्या दोन जातींवर कुणाचाही पहारा नाही. कुणी त्यांना वाळीत टाकत नाही, पळून गेलेल्या जोडप्याच्या मागे कुणी कोयता घेऊन जात नाही, आणि तरीही त्या मिसळत नाहीत. माणसांत मिसळण होऊ नये म्हणून स्मृती लागतात, पंचायत लागते, खून लागतात. इतका पहारा लागतो याचाच अर्थ निसर्गाने इथे भिंत बांधलेली नाही. डीएनएतली ती खूण पहाऱ्याची आहे.

शेवाळांच्या जातींवरही तज्ज्ञांचे एकमत नसते, ही हरकत उरते. ती योग्यच आहे, पण तिचा आवाका लहान आहे. २०१४ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या लोबोफोरा या तपकिरी शेवाळाच्या १० नव्या जातींना नावे दिली गेली. एकूण जाती किती, हे मात्र मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे कमीजास्त होत होते. एक पद्धत वंशवृक्षाची फांदी जिथे तोडते, दुसरी त्याच्या थोडी वर तोडते. झाड एकच असते. हा वाद आणखी नमुने आणून पुढे नेता येतो, आणि त्यात हरलेले नाव मागे घेतले जाते.

नावे माणसांनीच दिलेली असतात, हे खरे. अंदमानात सापडलेल्या छत्रीसारख्या एका हिरव्या शेवाळाचे नाव २०२१ मध्ये ॲसिटाब्युलेरिया जलकन्यके ठेवले. परीकथाकार अँडरसनच्या जलपरीची आठवण आणि संस्कृत शब्द यांतून ते आले. उद्या ते नाव रद्द झाले तरी अंदमानच्या उथळ पाण्यातल्या त्या छत्रीत काही बदलणार नाही. वासेट्ठ सुत्तात बुद्धही माणसांची नावे अशीच एकेक उचलून मागे काय उरते ते पाहतात. गाई राखून जगतो तो शेतकरी, कसबावर जगतो तो कारागीर, देवघेवीवर जगतो तो व्यापारी, चोरीवर जगतो तो चोर, पौरोहित्यावर जगतो तो याजक. प्रत्येक नावामागे एक काम सापडते. जन्म कुठेच सापडत नाही.