तवक्कुल कोणाच्या जिवावर?



शहापूर-मुरबाडचा एखादा तरुण रोजगारासाठी नायजेरियाला निघाला, की त्याला पीतज्वराची लस घ्यावी लागते. तेव्हा घरात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘तक्दीरमध्ये असेल ते होईलच, सुई कशाला?’ कोणी तर लस न टोचताच दाखला मिळवू पाहतो. याला तवक्कुल म्हणता येईल का?

हजरत उमर (रजि.) सीरियाकडे जात असता सर्ग येथे त्यांना प्लेगच्या साथीची वार्ता मिळाली व त्यांनी परतण्याचे ठरवले. ‘अल्लाहच्या तक्दीरपासून पळता?’ असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण एका तक्दीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तक्दीरकडे जात आहोत. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली : साथीच्या प्रदेशात जाऊ नये, आणि आपल्या प्रदेशात साथ आल्यास तेथून पळू नये. पहिल्या भागाने आपला जीव राखला जातो, दुसऱ्याने इतरांचा.

हा दुसरा भाग आपण विसरतो. पीतज्वर भारतात नाही. परंतु तो पसरवणारा एडीस डास, जो डेंग्यूही पसरवतो, आपल्या दारात आहे. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूरचे कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पिंपांत साठवलेल्या त्या पाण्यातच हा डास वाढतो. परतलेल्या आजारी प्रवाशाला चावलेला डास काही दिवसांनी शेजारच्या लेकराला चावला, तर त्या लेकराने कोणता धोका पत्करला होता? म्हणूनच बाधित देशातून दाखल्याविना येणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते.

स्वतःच्या जिवाबद्दल माणूस निर्धास्त राहील. शेजाऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? ज्याला प्रकृतीमुळे लस वर्ज्य आहे, त्याला डॉक्टर तसे लिहून देतात. ती सवलत आहे. खोटा दाखला मात्र खोटी साक्ष आहे, आणि हुकूकुल-इबादचा भंगही.

तेव्हा प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात लस घ्या. दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य ठरतो आणि एकच मात्रा आयुष्यभर पुरते. घरातील पिंपे झाका. मग अल्लाहवर विसंबून घराबाहेर पाऊल टाका. अल्लाह आपणा सर्वांना शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.