हातांतलें कसब कोणाचें?

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-६, यिर्मया १८:१-६



नव्यानें विश्वासांत आलेला कुंभार कधीं कधीं उपदेशकाला विचारतो, “आमच्या घरीं मडक्यांबरोबर मूर्तीहि घडत. आतां हा मातीचा धंदाच सोडूं काय?” प्रश्न त्याच्या पोटाचा आहे, तसाच आत्म्याचाहि आहे. म्हणून उत्तर घाईनें देऊं नये. शास्त्राला विचारून द्यावें.

मोशेला निवासमंडप उभारण्याची आज्ञा झाली, तेव्हां परमेश्वरानें यहूदा वंशांतील बसालेल याला नांव घेऊन निवडिलें आणि आपल्या आत्म्यानें भरिलें. बसालेल याजक नव्हता, संदेष्टाहि नव्हता. सोनें, रुपें, पितळ, रत्नें व लांकूड यांवर काम करणारा तो कारागीर होता. दान वंशांतील अहलियाब त्याचा सोबती झाला. यावरून उघड होतें कीं, हातांतील कसब व मनांत उठणारी कल्पना हीं देवाचीं दानें आहेत.

परंतु पुढचाच अध्याय उघडा. त्याच छावणींत लोकांच्या कानांतलें सोनें घेऊन वासरूं घडविण्यांत आलें. सोनें वाईट नव्हतें, कसबहि वाईट नव्हतें; तीं कोणाला वाहिलीं, तेथें चूक झाली. तेव्हां दोष मातींत नाहीं, चाकांतहि नाहीं. त्या बांधवाला आपण सांगावें : बाबा, मूर्तीचें काम सोड, पण चाक सोडूं नको.

आपल्या उरण तालुक्याकडेच पाहा. घारापुरी बेटावरील लेणीं सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं डोंगराचा खडक कोरून काढिलीं. तेथली भक्ति आपली नव्हे. तरी ज्या हातांनीं तो खडक कोरिला, त्यांना कसब देणारा एकच देव आहे. त्या कारागिरांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत, पण बसालेलाचें नांव जाणणाऱ्याला तीं ठाऊक आहेत.

१९३० च्या जंगल सत्याग्रहामुळें प्रसिद्ध झालेल्या चिरनेर गांवांत कुंभारांचीं घरें आहेत. माती भिजवावी, तुडवावी, चाकावर चढवावी, भट्टींत भाजावी, असा त्यांचा धंदा. उन्हाळ्यांत माठांतलें गार पाणी पिणारा कुंभाराची जात विचारीत नाहीं. माठाच्या अंगांतून थोडें पाणी पाझरून सुकतें, म्हणूनच आंतलें पाणी गार राहतें. जो आपल्यांतलें कांहीं देतो, त्याच्यामुळेंच दुसऱ्याची तहान भागते.

चित्रकाराचेंहि असेंच आहे. गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका बंगालचे अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यापाशीं शिकले. त्यांनीं मरियेला साडी नेसविली आणि ख्रिस्तचरित्र आपल्या देशाच्या रंगरूपांत रेखाटिलें. गोव्यांत पुष्कळांना हें रुचलें नाहीं. पुढें ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून चित्रें काढीत राहिले. १९६७ सालीं ते प्रभूपाशीं गेले. ते रोमन मंडळीचे होते, तरी त्यांच्या कामांत आपणांस बोध आहे. ख्रिस्ताजवळ येण्यासाठीं आपला वेष, आपली बोली व आपला हुन्नर वेशीबाहेर टाकून यावें लागत नाहीं. शब्द देही झाला, तो गरीब कारागिराच्याच घरीं वाढला.

आतां यिर्मयाबरोबर कुंभाराच्या घरीं जाऊं. चाकावरचें भांडें बिघडलें, पण कुंभारानें माती फेंकिली नाहीं. त्याच मातीचें दुसरें भांडें केलें. पुढच्या अध्यायांत मात्र भाजलेलें मडकें फोडण्यांत येतें, आणि तें पुन्हां सांधत नाहीं. चिरनेरच्या कुंभारालाहि हें ठाऊक आहे : माती ओली आहे तोंवरच ती वळते.

म्हणून मंडळींतला कोणी दारूनें किंवा भाऊबंदकीनें बिघडला, तर त्याला लगेच उकिरड्यावर टाकूं नका. देवाचें चाक अजून फिरत आहे. आणि आपल्यापैकीं जो ‘पुढें पाहूं’ म्हणत बसला आहे, त्यानें आपलें मन भट्टींतल्या खापरासारखें कठीण होण्यापूर्वींच स्वतःला त्या हातांत द्यावें.

हे परमेश्वरा, तूं आमचा घडविणारा, आम्ही तुझी माती. आमच्या हातांतलें कसब तुझें आहे, तें तुझ्याच सेवेला लाव; आणि आमचें मन ओलें राख. आमेन.