अनणसुख

उपासक-उपासिकांनो,

श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला भगवान बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. स्वकष्टाने, धम्ममार्गाने मिळविलेले धन जवळ असणे हे पहिले. त्याचा उपभोग घेणे व दान करणे हे दुसरे. कोणाचे थोडे वा फार देणे नसणे हे तिसरे. पालीत त्याला ‘अनणसुख’ म्हणतात. निर्दोष आचरण हे चौथे आणि सर्वांत श्रेष्ठ. कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये, असा विनयाचा नियम आहे. चीवर हा देणे चुकविण्याचा आडोसा होऊ नये.

अंगुत्तर निकायात तथागत म्हणतात की, दरिद्री माणूस कर्ज काढतो, व्याज कबूल करतो. मुदत टळली की तगादा, मग पाठलाग, शेवटी बंधन. दुराचरण हेही असेच ऋण होय, आणि ते झाकून ठेवणे हे त्याचे व्याज होय.

आता आपल्या घरात पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांनी श्राद्धपक्ष सुटला, पिंडदान सुटले. लग्नाचा थाट मात्र सुटला नाही. मुलीच्या लग्नासाठी बाप महिना शेकडा पाचने पन्नास हजार काढतो. वर्षाला तीस हजार व्याजातच जातात. मुद्दल जागच्या जागी. खरा आकडा तो पत्नीला सांगत नाही. मग पहिले फेडायला दुसरे कर्ज, एका खोट्यामागे दुसरे खोटे. चौथे शील असे घरातच मोडते.

म्हणून आज रात्री वंदना झाल्यावर पती-पत्नींनी वही घेऊन बसावे. कोणाचे किती, कोणत्या दराने, सर्व लिहावे. ऐकणाऱ्याने रागावू नये. सांगायलाच धैर्य लागले आहे. सिगालाला तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक निर्वाहाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी. देणे आहे तोवर चौथा भाग फेडीचा समजावा. जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे. सावकाराकडे परवाना नसेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. भिऊ नये. कर्जापायी कोणी जीव देण्याचा विचारही करू नये. पहिले शील स्वतःच्या जिवालाही लागू आहे.

विवाहाला त्रिशरण, पंचशील, दोन हार आणि आप्तेष्टांचे आशीर्वाद पुरेत. मुलीला कर्जात बुडालेले माहेर देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.