दुष्काळातली स्तुती

1630 च्या सुरुवातीला बादशहा शाहजहान बऱ्हाणपुरात तळ देऊन बसला. निजामशाही बुडवायची होती, बंडखोर खानजहान लोदीला धरायचं होतं. आदल्या साली पाऊस जेमतेम झाला होता. 1630 साली गुजरात आणि दख्खनकडे त्याने पाठच फिरवली. माळव्यातून बंजाऱ्यांच्या तांड्यांनी येणारं धान्य आधी फौजेच्या पोटात जाई. सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्याच हिवाळ्यात बऱ्हाणपूरवरून गेला, आणि वाटेवर पडलेली प्रेतं त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीचं काम खरं तर बादशहाचं वैभव लिहिण्याचं. पण पिठात हाडांचा भुगा मिसळून विकला जात होता, हे त्यालाही लिहावं लागलं.

बादशहाने शहरात लंगर उघडले. शिवाय दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात. वीस सोमवारांत लाख रुपये गेले. जून 1631 मध्ये याच शहरात चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरलं आणि सहाएक महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. बऱ्हाणपूर बघायला येणारा पाहुणा तिची गोष्ट ऐकून परततो. तिच्या अवतीभवती उपाशी मेलेल्यांची गोष्ट त्याच्या कानावर सहसा पडत नाही.

त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठी देहूला एका वाण्याचं घर बसलं. आईवडील आधीच गेलेले. पेढी बुडाली, गावातली पत गेली, थोरली बायको रखमा उपासमारीने गेली, तिच्यामागे मुलगा संतू गेला. हा वाणी म्हणजे तुकोबा. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी हे सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं आहे: बायकोचं मरण, जनातली लाज, धंद्यातली खोट. आणि मग त्यांनी देवाचे आभार मानले आहेत. दिवाळं निघालं ते चांगलं झालं, दुष्काळाने छळलं ते चांगलं झालं, अशा अर्थाचे.

हे वाचताना मी दर वेळी अडतो. चांगलं झालं ते कोणाचं? रखमाचं नक्कीच नाही. ज्या दुःखाने एकाला देव भेटला, त्याच दुःखाने दुसरीला घास मिळू दिला नाही. श्रद्धेवर लिहिणारे बहुतेक जण या ठिकाणी भराभर पुढे निघून जातात, आणि तिथेच श्रद्धा स्वस्त होते. तुकोबा मात्र पुढे निघून जात नाहीत. ज्या अभंगात आभार आहेत, त्यातच बायकामुलांची उपेक्षा केल्याचा उल्लेखही आहे. दुःख झाकून केलेली ती स्तुती नाही. आणि याच माणसाने देवाशी कडाकडा भांडणही केलं आहे: ऐकत का नाहीस, कुठे आहेस? माझ्यापुरता तू मेलास, इथपर्यंत त्यांची मजल गेली. आपण मुलांना आभाराचे अभंग शिकवतो आणि भांडणाचे मागे ठेवतो, हा तुकोबांवर अन्याय आहे. ज्याच्यावर पुरता भरवसा आहे, त्याच्याशीच असं भांडता येतं.

मला एवढंच ठामपणे म्हणायचं आहे की, हे आभार मानायचा अधिकार तुकोबांचा होता, कारण दुष्काळ त्यांनी अंगावर काढला होता. त्यांच्या दारात उभं राहून शेजाऱ्याने ‘दुष्काळ पडला ते बरं झालं’ म्हटलं असतं, तर ती क्रूरता झाली असती. वाक्य तेच, पण बोलणारा बदलला की त्याचा धर्म बदलतो. मयताच्या घरी जाऊन ‘देव परीक्षा बघतो’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

मग ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने काय करावं? याचंही उत्तर तुकोबांच्याच चरित्रात आहे. परंपरा सांगते की, वाडवडिलांच्या सावकारीची कर्जखतं त्यांनी काढली, निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. घरात चणचण असताना. आभार आणि कर्जखतं यांना एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही असं मला वाटतं. देवाने माझं सगळं नेलं ते बरं केलं म्हणायचं आणि शेजाऱ्याकडून व्याज वसूल करत राहायचं, हे एका तोंडाने जमत नाही. शाहजहानचे सोमवारचे पैसेही मी हलके मानत नाही. त्यांच्यामुळे कित्येकांच्या पोटात अन्न गेलं असेल. पण धान्य खाणारी फौज त्याचीच होती, आणि ती त्या पैशांसाठी मागे फिरली नाही.

ज्याने अंगावर काढलं त्याच्याच शब्दाला अधिकार असतो, हे मुक्ताईच्या गोष्टीतही दिसतं. तापी बऱ्हाणपूर सोडून पुढे खानदेशात उतरते आणि चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. तिथल्या मेहूणला 1297 मध्ये मुक्ताई गुप्त झाली असं वारकरी मानतात. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर वाळीत पडलेल्या चार भावंडांतली ती धाकटी. लोकांच्या बोलांनी दुखावून ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, तेव्हा दार उघडायला लावलं ते तिने. तिचा शब्द लागला, कारण तीही तेच बोल खात वाढली होती.

तिची पालखी दर वर्षी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून पंढरीला निघते. बऱ्हाणपूरकडचे वारकरीही तिच्यात असतात. त्याच्या थोडं आधी, मे-जूनच्या वादळी वाऱ्यांत, बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या बागा घडांसकट आडव्या होतात. वर्षाची मेहनत एका संध्याकाळी जाते. असा कोणी शेतकरी टाळ घेऊन दिंडीत उभा राहिला, तर त्याच्या तोंडच्या विठ्ठलनामाला मी हात जोडीन आणि त्याचा अर्थ त्याला समजावायला जाणार नाही. विचारायचं आहे ते मागे राहिलेल्यांना: तो वारीत असताना त्याच्या सोसायटीचा हप्ता थांबवायला कोण गेलं, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे कोण जाऊन बसलं, आणि ज्याने त्याला उसने दिले होते त्याने ते या वर्षी मागितले का?